खाटेवरची रेल्वे

सोलापूर,
रविवार, ६ एप्रिल २०२५, रामनवमी

चि. रेश्मा हिस,

आबांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. तुझी खुशाली आईच्या फोनवरून कळते. मी खोलीत आलो की तुमचं बोलणं आटोपतं, म्हणून हल्ली तुझ्या फोनच्या वेळेला मी बाहेर पायरीवर जाऊन बसतो. तुला मोकळेपणी बोलता यावं.

पत्र बघून हसशील. आजकाल कोण पत्र लिहितं? पण फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. गावच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी एक पत्र लिहून घ्यायचे. मामास पत्र, मित्रास पत्र, आजारी असल्याबद्दल मुख्याध्यापकांस पत्र. मुलीस पत्र त्यांनी कधी लिहायला लावलं नाही. त्यामुळे काही चुकलंमाकलं तर सांभाळून घे.

ऊन आताच बेचाळीसवर गेलं आहे. माळशिरसहून तुझ्या चुलत्याने गुळाची ढेप पाठवली, अर्धी तुझ्यासाठी पितळी डब्यात ठेवली आहे. आईचं पित्त कमी आहे. माझ्या गुडघ्यामुळे साहेबांनी मला रुळावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, ते अजून तसंच आहे. रूळ धरायचे खिळे आणि चाव्या, रूळ जोडायच्या फिशप्लेट मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. पंचवीस वर्षं रोज बारा-चौदा किलोमीटर चालत रुळाच्या चाव्या ठोकलेल्या माणसाला खुर्ची टोचते. पण ठीक आहे.

आता खरी बातमी. तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर, मी रेल्वे बांधायला घेतली आहे. खेळण्यातली. आई म्हणते, "जलमभर रूळ बडवलं, आता घरात बी रूळच व्हय? पोरगी आली तर निजंल कुटं?" मी म्हटलं, "ती आली तर एका दिवसात काढतो."

गाडीचा खोका इसूफच्या घरून, गुलबानो भाभींनी दिला. इसूफच्या मृत्यूनंतरच्या चाळीसाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः घेऊन आल्या. इसूफ गेल्या वर्षी हैदराबादला लग्नाला गेला होता, तेव्हा त्याने तो आणला होता. लोखंडी कपाटात, त्याच्या ईदच्या कपड्यांखाली सापडला. वर त्याच्याच अक्षरात लिहिलं आहे, "रेश्मा बेटी, ड्रायव्हर." भाभी म्हणाल्या की, तुझी पहिली गाडी आमच्या गँगच्या रुळाच्या तुकड्यावरून जाईल त्या संध्याकाळी तो तुला द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. मी तो खोका तीन महिने माळ्यावर ठेवला. तुझ्याकडे पाठवायचा होता. पाठवला नाही. का, ते विचारू नकोस.

गुढीपाडव्याच्या आधी एके दिवशी तो खाली काढला. आत एक इंजिन, तीन डबे आणि रुळाचे वाकडे तुकडे. तुकडे जोडले की एक गोल होतो आणि गाडी त्यात फिरत राहते. दहा फेऱ्या बघितल्या आणि मलाच गरगरलं. म्हटलं, हिला कुठं जायचंच नाही. मग आठ बाय चारची प्लायची फळी आणली. तुझी खाट सहाची, दोन्हीकडे फूटफूट बाहेर येते. कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं.

पहिल्यांदा पाणसळ लावून फळी सपाट केली. खाटेचा एक पाय तोकडा निघाला. इतकी वर्षं तू तिरकी झोपत होतीस आणि बोलली नाहीस. मग दोन रुळांतलं अंतर मोजलं, साडेसोळा मिलिमीटर. आमच्या खऱ्या रुळात एक हजार सहाशे शहात्तर. सवयीने दर वीतभर अंतरावर मोजत गेलो, जणू उद्या तपासणीला साहेब येणार आहेत. खडी म्हणून क्रशरची कच आणली आणि आईच्या पिठाच्या चाळणीने चाळली. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. नवीन चाळणी आणून दिली.

करायचं काय, हा प्रश्न पडलाच नाही. आपलाच तुकडा. अक्कलकोट रोडच्या अलीकडचा, दोन पुलांच्या मधला, जिथे वळण आहे आणि रूळ मुरमाच्या टेकाडात खोदलेल्या खोल कटिंगमधून बाहेर येतो. कटिंगच्या दोन्ही भिंती थर्माकोलचे थर चिकटवून केल्या, वर माती आणि रंग. बाभळी केल्या त्या भांडी घासायच्या तारेच्या. पावलं मला पाठ आहेत. कुठून किती स्लीपर, कुठला खांब, कुठे पाण्याची मोरी. एवढ्या लांबीची जागा फळीवर बसवताना थोडं आखडावं लागलं, पण वळण आणि कटिंग अगदी मापात घेतलं.

शाडूची माणसं केली आहेत, बोटाच्या पेराएवढी. आमच्या गँगमध्ये कामाला आठ जण आणि गाडी आली की इशारा देणारा एक शिट्टीवाला. सात जण झाले. मुकादमाचं पोट बरोबर जमलं. आठवा जमत नाही. माती हातात धरली की वाळून जाते.

तुला शिट्टी आठवते का ग? तू सहा-सात वर्षांची असशील. क्वार्टरच्या अंगणात इसूफने खडूने दोन रूळ काढले आणि आपली शिट्टी तुझ्या गळ्यात अडकवली. म्हणाला, "बेटी, सिट्टी बजाना आसान है. लोगां हटे क्या, वो देखना मुश्किल. जब तक आखरी आदमी नै हटता, सिट्टी मूं में." तू फुंकत उभी राहिलीस. मी हटलो, कोंबडी हटली, बादली त्याने उचलून हटवली. तुझी आई पाण्याची कळशी घेऊन मधेच उभी, "कान फुटलं की माजं!" म्हणून ओरडतेय. आणि तो हात जोडून म्हणतोय, "भाभी, तुमे हटो पैले. तुमे हटे बगैर वो बंद नै करती." तू खरंच बंद केली नाहीस. शेवटी आई हसत हसत हटली.

आज रामनवमी म्हणून अक्कलकोटला जाऊन आलो. गर्दी फार होती. स्वामींना दारातूनच हात जोडले आणि परत आलो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पत्र मिळालं एवढं आईला सांग.

तुझा
आबा


सोलापूर,
गुरुवार, १ मे २०२५

चि. रेश्मा हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाल्याचं आईकडून कळलं. वाचलंस का, ते मी तिला विचारलं नाही.

दौंडला पाण्याचे हाल आहेत असं ऐकलं. माठ घे, फ्रीजचं पाणी पिऊ नकोस. इंजिनावरून उतरवून ऑफिसच्या टेबलावर बसवल्यापासून तुझं मन रमत नसेल, पण सावलीत आहेस, तेवढंच आईला समाधान.

रेल्वेची हकिगत सांगतो. माझी फजिती झाली.

मी ठरवलं होतं की, गाडी घरातून निघावी, कटिंगमधून वळणावरून जावी, पलीकडे अक्कलकोटच्या बाजूला मोठा वळसा घ्यावा आणि त्याच रुळाने, तोंड घराकडे करून, परत यावी. त्यासाठी पुण्याहून गाडीचा रूळ बदलणारा एक सांधा मागवला. सांध्यातून आत शिरायचं, वळसा घालून त्याच सांध्यातून बाहेर पडायचं. खऱ्या रुळावर असं करता येतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन दिवस खपून वळसा बसवला, उदबत्ती लावली, बटण दाबलं. गाडी हललीच नाही. ट्रान्सफॉर्मर गरम झाला आणि जळका वास सुटला.

मग मोटारी बांधणाऱ्या चनबसप्पाला बोलावलं. तू त्याला ओळखतेस, आपला पंखा त्यानेच तीनदा दुरुस्त केला आणि तीनदा बिघडवला. त्याने चष्मा कपाळावर सारून बघितलं आणि कपाळालाच हात लावला.

"अय्यो, कुंडलिकराव! हे काय केलाय तुमी?"

"वळसा केलाय."

"वळसा न्हवं, शॉर्ट केलाय. रूळ म्हंजे तुमचा रूळ न्हवं हे. दोन वायर हाईत, वायर! डावी वायर फिरवून आनून तुमीच उजवीला लावली. मंग जळनार न्हाई तर काय आरती करनार?"

"आमच्याकडं करंट वरच्या तारेतनं येतो," मी म्हटलं.

"मंग वरची तार लावा की! पंचवीस वर्षं रुळावर चालला, आन रूळ कळंना तुमाला."

तो सहज बोलला. मला ते लागलं, पण त्याला कसं कळणार? मग त्याने उपाय सांगितला. वळशाच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ कापायचे आणि मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा. गाडी वळशात घ्यायची. तिथे थांबवायची. ती थांबलेली असताना बाहेरच्या रुळाचा करंट उलटा करायचा. मग सोडायची.

"कापायचेच का?" मी विचारलं.

"न कापता परत घरला आनायची म्हनता? जमत न्हाई, मालक."

रूळ जोडून ठेवण्यात माझा जन्म गेला. केसाएवढी भेग दिसली तर लाल झेंडा घेऊन पळालो आहे. त्या दुपारी तुझ्या खाटेवर वाकून हॅक्सॉच्या पात्याने चार ठिकाणी रूळ कापले. आवाज तोच येतो ग, फक्त बारीक. त्यानंतर गाडी वळशात गेली, थांबली, करंट उलटा केला आणि ती त्याच रुळाने घराकडे आली. आई दारात पदराला हात पुसत उभी होती. म्हणाली, "आली की."

स्वामींच्या पुण्यतिथीला पुन्हा अक्कलकोटला गेलो होतो. या वेळी रांगेत उभा राहिलो. पुढे चार-पाच माणसं उरली, तेव्हा रांगेतून बाहेर पडलो. ऊन फार होतं.

आठवा माणूस शेवटी केला. वाकलेला केला आहे.

सगळी माणसं जागेवर उभी केली. मग गुडघे टेकून, एक डोळा मिटून, इंजिनाच्या खिडकीच्या उंचीला डोळा नेला आणि एका बोटाने गाडी हळूहळू पुढे ढकलत कटिंगमधून नेली. डावीकडची मुरमाची भिंत शेवटपर्यंत आड येते. तुझ्या बाजूच्या खिडकीतून वळण संपेपर्यंत गँगमधला एकही माणूस दिसत नाही. दिसतो तो फक्त शिट्टीवाला. मी पाच वेळा करून बघितलं. मग शिट्टीवाल्याच्या जागेवरून बघितलं.

ते पुढे कधीतरी लिहीन.

आईने परवा सांगितलं की, तू इंजिन सोडायचा अर्ज लिहिला आहेस आणि तो या महिनाअखेर देणार आहेस. दिलास की पुन्हा इंजिनावर जाता येणार नाही, हेही सांगितलं. आणि म्हणाली, "पोरगी म्हनती, आता मला आठवतच न्हाई गं आई, मी हॉर्न दिला का न्हाई. आबा म्हनतात म्हंजे दिला नसंलच."

रेश्मा, अर्ज देऊ नकोस. इसूफला ते आवडलं नसतं. तू इंजिनात बसलीस म्हणून त्याने अख्ख्या गँगला पेढे वाटले होते. मला म्हणाला होता, "तेरी बेटी उप्पर से जाएगी और तू नीचे से खडी सरकाएगा. सलाम ठोकना बराबर." त्याच्यासाठी तरी देऊ नकोस.

एवढंच लिहितो. गुडघा दुखतो आहे.

तुझा
आबा


सोलापूर,
सोमवार, १९ मे २०२५

चि. रेश्मा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी आहेतच.

माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी स्वतः साहेबांकडे जाऊन गुडघ्याचं कारण सांगितलं आणि रुळावरून सुटका करून घेतली. त्या वळणावर मला चालवत नाही.

काल गुलबानो भाभी आल्या होत्या. म्हणाल्या, "कुंडलिकभाई, उनोने लाई सो गाडी चलती बोले. देखूं क्या?" तुझ्या आईने त्यांना स्टूल दिलं. मी गाडी सोडली. कटिंगमधून गेली, वळशात थांबली, परत आली. भाभी लहान मुलीसारख्या बघत होत्या. मग त्यांनी माणसांकडे बघितलं. एकेकाला ओळखलं. मुकादमाच्या पोटाला हसल्या सुद्धा. मग शिट्टीवाल्याच्या डोक्यावर अलगद बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ये उने."

मी बटणावरचा हात काढून घेतला.

"ये उनेच ना? उने हमेशा सिट्टीपे रैते थे. बीस साल सिट्टी उनोंकीच. मैं आज तक सोचती भाई, उस दिन उनोंके हाथ में पहार कैसी आई?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गँगमधल्या माणसांनी माझ्याकडे बघून तोंड मिटलं आणि मी त्या सगळ्यांच्या आड लपलो. सहा महिने त्या हा प्रश्न एकट्याच मनात घोळवत होत्या, आणि मी त्यांच्याकडची खीर खाऊन येत होतो.

मी त्यांना सांगितलं. तेच आता तुला सांगतो. आधी तुला सांगायला हवं होतं.

त्या सकाळी तुझा फोन आला. "आबा, अकराच्या सुमाराला तुमच्या तुकड्यात येतेय. वाडीहून माल घेऊन. उभं ऱ्हावा हं, मी हात करीन." पहिली खेप तुझी आमच्यावरून. मी इसूफकडे गेलो आणि म्हटलं, आज शिट्टी मला दे. पहार घेऊन वाकलेला बाप मुलीला दिसू नये, झेंडा घेऊन ताठ उभा असलेला दिसावा, एवढंच माझ्या मनात होतं. तो हसला. "बेटी तेरी, गाडी तेरी, सिट्टी बी तेरी. ले रे बाबा." सदऱ्याला पुसून त्याने ती माझ्या हातात दिली आणि माझी पहार खांद्यावर टाकली. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं.

वळणाच्या तोंडाशी मी उभा होतो. तिथून एका बाजूला गाडी दिसते आणि मान वळवली की दुसऱ्या बाजूला सगळी गँग दिसते. म्हणून तर शिट्टीवाल्याची ती जागा. अपघाताच्या चौकशीत मी सांगितलं की, वळणामुळे मला माणसं नीट दिसत नव्हती. ते खोटं आहे. तुझ्या खाटेवर डोळा लावून बघितलं, तेव्हा ते मला माझ्याच हातांनी केलेल्या मातीत दिसलं. तिथून सगळं दिसतं. मान वळवावी लागते, एवढंच.

गाडी दिसली तशी मी शिट्टी फुंकली. माणसं हत्यारं उचलून बाजूला झाली. सात जण झाले. इसूफची पहार रुळाखाली अडकली होती. तो ती ओढत होता. रुळाला टेकलेलं लोखंड आमचा माणूस मागे सोडत नाही, कारण त्याने गाडी रुळावरून पडते. त्याने तुझ्या गाडीखाली लोखंड सोडलं नाही, रेश्मा. तो वाकलेला होता आणि कान शिट्टीकडे होता. शिट्टी चालू आहे तोवर गाडी आपल्या रुळाची. शिट्टी थांबली की गाडी शेजारच्या रुळाची, असं आमच्या तुकड्यात सगळे समजतात. हॉर्न तर शेजारून जाणारी गाडीही देते.

तेवढ्यात तू खिडकीतून दिसलीस. निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. हात बाहेर काढलास.

मी शिट्टी तोंडातून काढली. तुझं नाव घ्यायला. शिट्टी तोंडात असताना हाक मारता येत नाही ना. "रेश्मा" म्हणून ओरडलो आणि झेंड्याचा हात वर केला. मागे वळून बघितलं नाही. शिट्टी थांबली म्हणून इसूफ रुळातच वाकलेला राहिला.

आणि तू हॉर्न दिला होतास. लांब हॉर्न, वळणात शिरायच्या आधी एकदा आणि मला बघून पुन्हा एकदा. मी दोन्ही ऐकले. माझ्या छातीत वाजले ते. तुला आठवत नसेल तर माझ्या कानांवर विश्वास ठेव, मी तुझा आबा आहे म्हणून नव्हे, मी तिथे उभा होतो म्हणून.

तिसऱ्या दिवशी इसूफच्या दारात, सगळ्यांसमोर, मी तुला विचारलं, "हॉर्न का नाही दिलास?" तुझं तोंड मला रोज दिसतं. तू चप्पल पायात न घालता हातात घेऊन गेलीस. कुणीतरी मला विचारेल त्याच्या आधी मी कुणाला तरी विचारलं. समोर तू होतीस. मग चौकशीत तेच लिहून दिलं, शिट्टी शेवटपर्यंत वाजवली, इंजिनाचा हॉर्न ऐकू आला नाही. कागदावर इसूफच्या नावापुढे "स्वतःचा निष्काळजीपणा" असं लागलं. ज्याने वीस वर्षांत शेवटचा माणूस हटेपर्यंत एकदाही शिट्टी काढली नाही, त्याच्या नावापुढे. आणि तू आपलं काम विसरलीस असं तुलाच वाटू लागलं, आणि मी ते वाटू दिलं. मागच्या पत्रातसुद्धा खरं सांगायचं सोडून इसूफचं नाव पुढे केलं. मेलेल्या माणसाकडून पुन्हा माझं काम करून घेतलं.

भाभींनी सगळं ऐकलं. मी शिट्टी खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवली. सहा महिने ती माझ्या खिशात आहे. त्यांनी ती उचलून ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग खाटेवर वाकल्या, रुळातला आठवा माणूस दोन बोटांनी उचलला आणि रुळाबाहेर, बाकीच्या सात जणांशेजारी नेऊन ठेवला. तो उभा राहीना, मी त्याला वाकलेला केला होता ना. दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला बाभळीला टेकवला.

मग म्हणाल्या, "बच्ची कू बोले क्या?"

मी नाही म्हटलं.

"तो मेरेकू पैले काय कू बोले? मेरा तो गया. तुमारी जिंदी है."

चहा न घेता गेल्या. तुझ्या आईने दारातून सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून ती भाकरी वाढते, आणि उठून जाते.

आज सकाळी ऑफिसात नवा जबाब लिहून दिला. शिट्टीची अदलाबदल, हॉर्न, सगळं. साहेबांनी दोनदा विचारलं, "कुंडलिक, कळतंय का काय लिहितोस?" मी म्हटलं, गावच्या शाळेत शिकलोय साहेब, पण एवढं लिहिता येतं. त्यावर सही-शिक्का घेऊन एक नक्कल या पत्रासोबत जोडली आहे. ती तुझ्याजवळ ठेव. कुणी तुला विचारलं तर दाखव. माझं काय व्हायचं ते होईल.

अर्ज देऊ नकोस असं म्हणायचा मला आता हक्क नाही. द्यायचा तर दे. पण मी सांगितलेल्या खोट्यावरून देऊ नकोस.

मला माफ कर असंही लिहीत नाही. तू लहान असताना मी स्वामींच्या समोर तुझं डोकं टेकवून मागितलं होतं की, हिला माझ्यासारखं खाली मान घालून चालावं लागू नये. ते त्यांनी दिलं होतं. मी काढून घेतलं. म्हणून रांगेतून परत येतो. गुरुवारी पुन्हा जाणार आहे. आत जाईन की नाही, ठाऊक नाही.

तुझी गाडी वळशात उभी आहे. काल भाभी गेल्यावर मी ती तिथपर्यंत नेली आणि बटण बंद केलं. उलटा करंट द्यायचा बाकी आहे. तो मी देत नाही. खोलीची किल्ली आईकडे आहे.

जपून राहा.

त्या दिवशी शिट्टी ज्याच्याजवळ होती तो,
तुझा आबा